पाटलुणीचं कापड देवाला

आमच्या घरात लोकर अंगाला टोचलीच पाहिजे, असा नियम होता. नाना, म्हणजे माझे वडील, गंगेकाठच्या रामघाटावरचे वैदिक. सोवळ्यात लोकर चालते, म्हणून पूजेला ते धाबळी नेसत. ती इतकी खरखरीत, की नानांचा एक हात देवाच्या अंगावर आणि दुसरा स्वतःच्या पाठीवर!

इंग्रजी शाळेत संस्कृत शिकवायच्या जागेसाठी मला मुलाखतीचं बोलावणं आलं, तेव्हा मी सुटाचं कापड आणलं. चौकातला दुकानदार म्हणाला, "भैया, वुस्टेड है! लंबे रेशे की ऊन, कंघी करके काती हुई. जरा भी न चुभे!" गडद निळं, गुळगुळीत लोकरी कापड, जराही न टोचणारं. घरी पोचेपर्यंत मी मनातल्या मनात मास्तर झालोसुद्धा.

"हे साहेबी कापड उंबऱ्याबाहेर ठेव!" नाना कडाडले.

इथे मी अक्कल पाजळली. "नाना, ही लोकरच आहे. धाबळी चालते, मग हिनं काय पाप केलंय?"

नानांनी एक धागा उपसून समईवर धरला. केस जळल्यासारखा वास सुटला. "लोकर! शुद्ध लोकर!" नाना म्हणाले, आणि मी जिंकलो. (असं मला वाटलं.)

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर काय, माझा सूट देवघरात! नाना ते कापड नेसून, उरलेलं खांद्यावर घेऊन बसलेले. दोन्ही हात पूजेत, चेहऱ्यावर ब्रह्मानंद.

"नाना, ते शिंप्याकडे द्यायचंय!"

"लांब हो! आंघोळ केल्याशिवाय हात लावशील तर याद राख!"

"अहो, मुलाखत आहे माझी!"

"मग कर आंघोळ. गंगा कुठे पळून गेली नाही."

पौषातली गंगा! दात वाजवत परत आलो, तर घाटावरचे झाडून सगळे वैदिक कापड चाचपायला जमलेले. "वा नाना! टोचतच नाही हो!" आता नाना कसले सोडतात! शेवटी आईनं निवाडा केला : "कोटाचं कापड पोराला, पाटलुणीचं देवाला. आता भांडू नका!"

मुलाखतीला मी वर साहेब, खाली धोतर असा निघालो. आशीर्वाद द्यायला नाना बरोबर. त्यांच्या खांद्यावर उपरण्यासारखी माझी पाटलूण! घाटावरचा नावाडी ओरडला, "का गुरु, बाप-बेटा एक्के थान क हौवा?" म्हणजे, बाप-लेक एकाच ताग्यातले का!

शाळेच्या साहेबानं एक श्लोक म्हणायला सांगितला. गार पाण्यानं घसा बसलेला, भीतीनं डोकं रिकामं. मी दुसऱ्याच चरणाला अडलो. तोच खिडकीतून आवाज आला, "अरे गाढवा, पुढे म्हण!" आणि मी तोंड उघडायच्या आत नानांनी श्लोक पुरा केला. मग पुढचा म्हटला. मग त्याच्या पुढचा, अर्थासकट! साहेबानं त्यांना आत बोलावलं, खुर्ची दिली.

"पंडितजी, ये नौकरी आप करेंगे?"

"नाना, माझं नाव सांगा ना!" मी कुजबुजलो.

नानांनी खांद्यावरची पाटलूण सारखी केली. "करूँगा, साहब. इसका हाल तो आपने देख ही लिया!"

आईनं गल्लीभर पेढे वाटले. "घरात नोकरी आली ना? मग झालं तर!" मलाही हसू आवरेना. तसं साहेबानं मला अगदीच रिकाम्या हातानं परत पाठवलं नव्हतं. नानांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची खास परवानगी दिली होती, कोट घालून!