जगदेवीअक्काचे एकतीस आड

हे मी लिहिणार नव्हते. खरंच नव्हते. मागच्या वेळी मी जगदेवीअक्काबद्दल फक्त दोन ओळी लिहिल्या, त्याही जिन्यात उभं राहून, आणि त्या दोन ओळींनी जे करून ठेवलंय ते अजून निस्तरत नाहीये. नांदेडहून लातूरला येताना एसटीत मी स्वतःला बजावलं होतं की या बाईबद्दल आता एक अक्षर टाईप करायचं नाही. पण आज दुपारी शिरूर अनंतपाळहून आले आणि तेव्हापासून नुसती चिडचिड चिडचिड होतेय. जेवण जाईना. म्हणून लिहिते.

अक्का आमच्या समोरच्या घरात राहते. वय अठ्ठेचाळीस. नवरा शरणप्पा, गोलाईच्या बाजारात किराणा दुकान. सासू मल्लम्मा, तिला सगळी गल्ली अव्वा म्हणते. अक्काला लोक ओळखतात ते पाट्या रंगवणारी बाई म्हणून. तिनं पोरांसाठी गोष्टींचं एक पुस्तक पण लिहिलंय, चित्रं तिचीच, नांदेडला छापलेलं. मी तिसरीत असताना ते पाठ होतं मला. आमच्या गल्लीत पुस्तक लिहिलेलं दुसरं माणूस नाही, आणि तरी लोक तिला विचारतात काय, तर "अक्का, आमच्या गाडीवर 'आईचा आशीर्वाद' किती दिवसात लिहून देतीस?"

तिचे वडील मडिवाळप्पा, रेणापूरचे पेंटर. ब्याऐंशी साली लातूर उस्मानाबादपासून वेगळं निघालं, नवा जिल्हा झाला. तेव्हा गावोगावच्या शाळा, चावड्या, दवाखाने, सगळ्या पाट्यांवर 'जिल्हा उस्मानाबाद' लिहिलेलं. ते पुसून 'जिल्हा लातूर' करायचं काम मडिवाळप्पांना बऱ्याच गावांचं मिळालं. पण त्यांना शिडीवर चढलं की गरगरायचं. मग वर कोण, तर चौदा वर्षांची जगदेवी, परकराचा काचा मारून. आता उस्मानाबाद केवढं लांबलचक आणि लातूर केवढंसं. प्रत्येक पाटीवर पांढरी जागा उरायला लागली. एका शाळेत हिनं त्या उरलेल्या जागेत गावचा आड काढला, रहाटासकट, कारण सकाळी पाणी तिथलंच प्यायली होती.

हेडमास्तर बाहेर आले. "हे काय काढलंस गं पोरी?"

"आड हाय तुमच्या गावचा."

"जिल्ह्याच्या पाटीवर आड कशाला?"

"जागा उरली."

मास्तर हसले आणि ठेवला तसाच. पुढच्या गावात तिथल्या मास्तरांनी स्वतःहून विचारलं, आमचा आड न्हाई का काढणार म्हणून. तिथून हे सुरू झालं. लग्न झालं, दोन पोरी झाल्या, त्यांची लग्नं झाली, तरी हिचे आड चालूच. गावात जायचं, ज्या म्हातारीनं त्या आडाचं पाणी सगळ्यात जास्त वर्षं ओढलं तिला शोधायचं, तिच्याजवळ बसून ती सांगेल तसं कागदावर चित्र काढायचं आणि मागच्या बाजूला तिची गोष्ट लिहायची. पुस्तक करायचंय चाळीस आडांचं. एकतीस झालेत. नऊ राहिलेत. हे नऊ राहिलेत म्हणूनच माझं डोकं फिरलंय, कारण आड बुजून चाललेत आणि म्हाताऱ्या पण थांबत नाहीत कुणासाठी.

आता यंदाचं. दोन हजार सोळाचा उन्हाळा मी लातूरबाहेरच्या माणसाला काय सांगू? मी नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला आहे, तिथून गोदावरीचं धरण दिसतं. तेही खाली गेलंय, पण दिसायला तरी पाणी दिसतं. आणि घरी फोन केला की आई सांगणार, आज डाळ धुतलेल्या पाण्यानं फरशी पुसली, फरशी पुसलेलं मोरीला टाकलं. नळ बंद. टँकर आठ-दहा दिवसांनी, दर घराला एकच टिपाड, म्हणजे मोठं पिंप.

टँकर आला की गल्लीत मारामारी. दोनदा बायकांनी एकमेकींच्या झिंज्या धरल्या. मग अक्का उतरली मधे. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं सगळ्यांची टिपाडं रस्त्यावर आणली आणि ऑईलपेंटनं प्रत्येकावर एकेक चित्र काढलं. आमच्या टिपाडावर पोपट, शेजारच्यांच्या अडकित्ता, कोपऱ्यावरच्या दगडोबा तात्यांच्या टिपाडावर त्यांचीच मिशी. नंबर नाही टाकले, कारण नंबरावरूनच भांडणं होती, एक नंबर कुणाचा म्हणून. चित्रांचा क्रम ती दर टँकरला बदलते आणि भिंतीवर खडूनं काढून ठेवते. म्हाताऱ्या एकट्या माणसांची टिपाडं आधी. आता भांडणं होतात ती अशी:

"पोपट मागं हाय आज!"

"कुटं मागं? अडकित्त्याच्या पुढं हाय की! डोळे हायेत का बटनं?"

पण निदान हसत होतात. टँकर कधी येईल याचा नेम नाही, त्यामुळं ही बाई चार महिने गल्ली सोडून कुठं गेली नाही.

एवढं सगळं करून ती चित्रं काढायची कधी, तर सकाळी लिंगपूजा झाल्यावर. पाट्यांना ऑईलपेंट, पण आडांची चित्रं कागदावर, पाण्याच्या रंगात. आणि पाणी कुठाय? अव्वानं एकदा नुसतं बघितलं रंगाच्या वाटीकडं, तेव्हापासून अक्कानं घरातल्या पाण्याचा एक थेंब रंगाला घेतला नाही.

लिंगायतांच्या घरात गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतात, भस्म, बेल, वरून पाण्याची धार. पूजा होईपर्यंत पाणीसुद्धा प्यायचं नाही, आणि लिंगावरून आलेलं पाणी म्हणजे तीर्थ, ते प्यायचं. सांडायचं नाही, फेकायचं नाही, दुसऱ्या कशाला वापरायचं नाही. आमच्या घरात हे नाही, म्हणून मला त्यातलं शेवटचं माहिती नव्हतं. अक्का तीर्थ प्यायची आणि तळाशी चार चमचे ठेवायची. त्यात ब्रश बुडवायची. एप्रिलमध्ये मी सुट्टीला आले तेव्हा मी हे बघितलं.

"अक्का, तीर्थात रंग?"

"पाणी आडातून आलं, देवावरून गेलं, परत आडातच चाललंय की. दुसरीकडं कुटं चाललंय?"

मला हे इतकं आवडलं ना! मी तिचा फोटो काढला, जिन्यात आले आणि टाकला गल्लीच्या ग्रुपवर. 'तीर्थात रंग कालवून आड रंगवते आमची अक्का!! हीच खरी भक्ती!!' विचारलं पण नाही तिला. दहा मिनिटं पण नाही लागली मला.

तिथून तो फोटो कुठं कुठं गेला काय माहिती. दुसऱ्या दिवशी सकाळी अव्वाचे भाऊ गुंडप्पामामा दारात हजर. आमची खिडकी समोरच, सगळं ऐकू येतं.

"जगदेवी, हे खरं हाय का?"

"हाव मामा."

"तीर्थात ब्रश?"

"पिऊन उरल्यालं होतं."

"उरल्यालं? तीर्थ उरतंय का कदी? भाजी हाय का ती?"

शरणप्पाकाका मधे पडले, "मामा, बसा, चहा घ्या आधी."

"तुझ्या चहात काय घातलंय ते बी इचार तिला!"

इथपर्यंत मला रागच येत होता मामांचा, मी खाली उतरून भांडणार होते. पण मग अव्वा बोलली. ती कधी आवाज चढवत नाही.

"माझी जीभ टाळूला चिकटती सकाळी. तरी पूजा होईस्तोवर घोट घेत न्हाई मी, अठ्ठ्याहत्तर वर्षं झाली. तुला रंगाला पाणी पायजे होतं तर मला म्हणायचं होतं. माझ्या वाटणीच्या तांब्यातलं दिलं असतं की गं मी. मला इचारली न्हाईस. मोबाईलमधून कळलं मला."

अक्का उठली. आत गेली, लिंग तळहातावर घेऊन बाहेर आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "पाऊस पडून आडाला पाणी येईस्तोवर मी ब्रश धरणार न्हाई."

गुंडप्पामामाच दचकले. "अगं, तेवढं कुटं म्हणलं मी?"

"तुम्ही न्हाई म्हणला. मी म्हणले."

झालं. मी माफी मागायला गेले तर मलाच चहा. मी रडून घेतलं, मग भांडून घेतलं. म्हणलं, अक्का, मी पोस्ट काढून टाकली, सगळ्यांना सांगते की मी गाढव आहे, पण तू शपथ कशाला घेतलीस? कुणी मागितली होती? या दुष्काळात आडाला पाणी कधी येणार?

"येईल तवा येईल."

"बरं, ब्रश न्हाई ना? पेन्सिल घे. पेन्सिल म्हणजे ब्रश न्हाई."

"देवापुढं वकिली करायची न्हाई."

"मग नुसत्या गोष्टी लिहून आण! लिहायला काय होतंय?"

"हात चालला न्हाई तर मला ऐकूच येत न्हाई पोरी. आणि म्हाताऱ्या बी नुसत्या सांगत न्हाईत. चित्र चुकलं की मग बोलत्यात."

मी दार आपटून आले. तिच्या दाराला माझ्यामुळं चीर गेलीय, शरणप्पाकाकांनी अजून काही म्हटलं नाही.

तिचं बाकी सगळं चालू आहे, हाच तर वैताग आहे. टँकर, टिपाडं, पूजा, अव्वाचे पाय चेपणं. भिंतीवर खडूनं क्रम पण काढत नाही आता, तोंडानं सांगते. एकतीस चित्रं गादीखाली. अव्वापण आता घुसमटते. परवा मला हळूच विचारत होती, "माझ्यापुढं घेतली शपथ, मी सोडली म्हणलं तर सुटंल का गं?" मला काय माहिती! मी काय सांगू! दोघी एका चुलीवर स्वयंपाक करतात आणि दोघी एकमेकींसाठी झुरतात आणि बोलत कुणीच नाही.

नऊ आडांतला एक शिरूर अनंतपाळचा. आटलाय, कचरा पडतो, आता रस्त्यासाठी बुजवायचं ठरलंय, याच महिन्यात. त्याला समोरासमोर दोन रहाट होते आणि ते का, हे सांगणारी एकच बाई उरलीय, केवळाबाई. नव्वदीच्या आसपास. अक्का हिवाळ्यात दोनदा गेली होती, एकदा ती लेकीकडं गेलेली, एकदा आजारी. म्हणून आज मी गेले. मोबाईलवर रेकॉर्डिंग करणार होते.

केवळाबाई अंगणात बाजेवर पडलेली. मोबाईल बघून तोंड फिरवलं. "ती चित्रवाली न्हाई आली का?"

"न्हाई आजी. मी आलेय."

"तुला येतंय का काढाया?"

"न्हाई."

"मग कशाला आलीस उन्हाची?"

मला इतका राग आला ना, सगळ्यांचाच. मी खाली बसले आणि काडी घेऊन मातीत एक गोल काढला, दोन बाजूंना दोन उभ्या रेघा. केवळाबाईनं मान उचलून बघितलं आणि दात नसलेल्या तोंडानं हसायला लागली.

"आड हाय का भाकरी? आन कठडा? कठड्याबिगर आड, पोरं पडतील की गं! रहाट हिकडं. न्हाई, हिकडं. हां. ह्यो माझा. त्यो जावंचा."

आणि मग सुरू झाली. ती आणि तिची जाऊ साखराबाई. एका भांड्यावरून भांडल्या, अकरा वर्षं बोलल्या नाहीत. रोज पहाटे एकाच आडावर समोरासमोर उभ्या राहून पाणी ओढायच्या. सासऱ्यानं कंटाळून दुसरा रहाट लावून दिला, म्हणजे हातात हात यायला नको. ती सांगायची, मी काढायची, ती हसायची, मी पुसायची. वहीत पण काढलं मग. शेवटी म्हणाली, "एक दिस तिची दोर तुटली, घागर बी खाली गेली. म्या बघितलं. ती बी माझ्याकडं बघितली." आणि थांबली. धाप लागली होती. सुनेनं मला उठवलं, म्हणाली, आता झोपू द्या, सकाळच्याला बोलते ती, दुपारी न्हाई जमत.

घरी आल्या आल्या वही अक्कासमोर टाकली. तिनं ती उचलून उजेडात धरली.

"सावली उलट्या बाजूला पडली हाय."

"मग कर की नीट!"

केलं नाही. पण पान फाडून घेतलं माझ्याकडनं, आणि गादीखाली त्या एकतिसांबरोबर ठेवलं.

मला उद्या नांदेडला परत जायचंय, सोमवारी प्रॅक्टिकल आहे, सुटका नाही. म्हणून तुम्हाला सांगते. शिरूर अनंतपाळ, निलंगा, उदगीर, लातूर, जिथं कुठं असाल तिथून, कुणीतरी केवळाबाईकडं जा. आड विचारला की घर कुणीपण दाखवतंय. सकाळी जा, ऊन चढायच्या आत. मोबाईल बाहेर काढू नका. कागद न्या, चित्र काढा, वाईट काढा, जेवढं वाईट काढाल तेवढी ती बोलेल. आणि विचारा, साखराबाईची दोर तुटली तेव्हा पुढं काय झालं. तो कागद, गोलाईत शरणप्पाकाकांच्या दुकानात पत्ता विचारून, आमच्या गल्लीत आणून अक्काच्या हातात द्या. पुढच्या आठवड्यात नाही, उद्या-परवाच जा. आज तिची धाप ऐकलीय मी.