गोठ्याचं दार

"दार बाटवून पुन्हा लावू कुठं? घोंगडीत न्या. तुमची माणसं तशीच नेतात."

इनामदार ओट्यावरून एवढंच बोलले. खाली बांधावर माझा नवरा उताणा पडला होता. भाताची रोपं टाकायची जागा भाजायला फांद्या लागतात, त्याला राब म्हणतात. इनामदारांचा राब आधी, वेठीवर, मग आपला. भाटघरच्या वरल्या अंगाला हीच रीत. तोच तोडताना ऐनाच्या झाडावरून हे कंबरेवर आपटले. मी आधी पाय पाहिले. दोन्ही अंगठे हलत होते. म्हणून गोठ्याचं दार मागितलं, सरळ झोपवून न्यायला.

घोंगडीची झोळी बांबूला बांधली. कंबर मधोमध दुमडली. ओढ्यापर्यंत हे गुरासारखे ओरडत होते. ओढा ओलांडला आणि ओरडणं थांबलं. आम्हाला बरं वाटलं. "कळ गेली वैनी," म्हणत दीर हसलासुद्धा.

भोरच्या डॉक्टरांनी तळव्याला टाचणी टोचली. यांना कळलं नाही. धोतर ओलं झालं, तेही कळलं नाही. आधी बोटं हलत होती का, डॉक्टरांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी टाचणी ठेवून दिली. मग म्हणाले, पाठीच्या खालच्या मणक्यातल्या शिरा चेपल्यात. फळीवर आणायला हवं होतं.

"माजं पाय कुठं ठिवलं गं?" यांनी मला विचारलं.

घरी आल्यावर मी कामं ठरवून घेतली. सूर्य हातभर सरकला की कूस बदलायची. लघवीची रबरी नळी उकळायची. खालचं फडकं कोरडं ठेवायचं. टाचा आणि माकडहाड रोज बघायचं. झालं की भिंतीवर कोळशाची रेघ. एकही रेघ चुकली नाही. तरी माकडहाडावर जखम पडलीच. आता तिच्यात मूठ जाते. हे म्हणतात, मला पुरून टाक.

काल इनामदारांचा कारभारी आला. राबाला घरटी एक माणूस हवं. यांच्या जागी तू ये, म्हणाला.

"न्हाई येनार."

"मग जमीन सोड."

"सोडते. राब तुमचा तुमी तोडा. चढा झाडावर."

तो गेल्यावर वस्तीतली अकरा घरं फिरले. नऊ घरांनी कोयते खाली ठेवले. उरलेल्या दोन घरांच्या उंबऱ्यावर उद्या जाऊन बसणार आहे. कोयता घेऊन जो बाहेर पडेल, त्याला हाताला धरून घरी आणीन आणि यांची जखम उघडून दाखवीन.