अंबड ते मंठा, वाटेत हवं तिथे उतरत

लोकांनी जाऊ नका म्हटलं, म्हणून तर गेलो. नाहीतर मे महिन्याच्या उन्हात नऊ वर्षांच्या पोरीला घेऊन लाल डब्यातून अंबडहून मंठ्याला जायची कुणाला हौस होती? गोष्ट सत्तरच्या दशकातली. तेव्हा जालना जिल्हा झालेला नव्हता आणि मी अंबडला प्राथमिक शाळेत शिकवत होते. मंठ्याला माझ्या धाकट्या भावाचं लग्न होतं. 'सुजाताला शेजारी ठेवून या,' असा निरोप माहेरहून आला होता. निरोप गोड होता, पण त्याचा अर्थ मला कळत होता.

सुजाता, माझी लेक, घाबरायची. अंधाराला किंवा कुत्र्याला नाही. वर्गात नाव पुकारलं, पाहुणे आले, बसचं दार लागलं, की तिचे हातपाय गार पडत, श्वास छातीत अडके आणि ती विचारी, "आई, मी मरतेय का?" आज डॉक्टरांकडे याला नाव आहे. तेव्हा लोकांकडे दोनच होती, बाहेरचं लागलंय किंवा नाटकं करते. मला दोन्ही मान्य नव्हती आणि तिसरं ठाऊक नव्हतं. नवऱ्याला कचेरीतून सुटी नव्हती, ते लग्नाच्या सकाळी परस्पर येणार होते. निघताना ते एवढंच म्हणाले, "तू नेणारच. पाणी जास्त घे."

मी सुजाताला एक वचन दिलं होतं. जिथे जीव घाबरेल तिथे उतरायचं. रागवायचं नाही, कारण विचारायचं नाही, पुढची बस धरायची. त्यामुळे अंबड-जालना हा तासाभराचा रस्ता आम्ही दुपारपर्यंत पुरवला. गोलापांगरीला उतरलो, निंबाखाली ज्वारीची भाकरी आणि ठेचा खाल्ला, पुढच्या बसमध्ये चढलो. तिकिटं तुकड्यातुकड्यांनी काढली की खर्च वाढतो, हे खरं. अशा लेकराला घेऊन निघणाऱ्यांना माझा सल्ला विचाराल तर खिडकीची जागा, मुबलक सुटे पैसे आणि बहिरे कान एवढं सोबत ठेवा.

जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानांची रांग होती, आजही आहे. आमच्या बौद्ध लग्नात पांढरे कपडे घालतात, म्हणून सुजातासाठी पांढरा फ्रॉक घ्यायला शिरलो. दुकानदार भला माणूस. "नाव काय बेटा?" त्याने विचारलं. सुजाता माझ्या पदरात गेली. त्याने पुन्हा विचारलं, मग गिऱ्हाइकांनीही विचारलं, मग एकजण म्हणाला, "मुकी हाय का?" मी म्हटलं, "मुकी नाही. नाव मलाही ठाऊक आहे, मला विचारा. आणि फ्रॉकची लांबी जरा वाढवून दाखवा." फ्रॉक मिळाला, तोही चांगला.

मंठ्याच्या बसमध्ये कंडक्टरच्या मागची जागा मिळाली. छताखालून जाणारी घंटीची दोरी सुजाता टक लावून बघत होती. माझ्या कानात तिने प्रश्न सोडला, मी तो कंडक्टरला विचारला. "एकदा ओढली की थांब, दोनदा ओढली की चल," तो म्हणाला. "डायव्हर माझं तोंड थोडीच बघतो, घंटी ऐकतो." सुजाताने मान हलवली. पण वाटूर फाटा आला आणि तिचे ओठ पांढरे पडले. मी ओरडले, बस थांबली, आम्ही उतरलो. टपावरची आमची पेटी मात्र तशीच पुढे मंठ्याला गेली.

फाट्यावर एक चहाची टपरी आणि एक बाभूळ. बाभळीखाली मेंढरं घेऊन एक म्हातारी धनगरीण बसली होती. सुजाता गुडघ्यांत डोकं घालून श्वास ओढत होती. म्हातारी बराच वेळ बघून म्हणाली, "लागीर झालंय पोरीला. अंगारा देऊ का?"

"नको, मावशी."

"मंग काय करून राह्यलीस बसून?"

"ती घाबरली आहे. ओसरेपर्यंत बसलेय."

म्हातारीला हे पटलं नाही, पण तिने एक कोकरू उचलून सुजाताच्या मांडीवर ठेवलं आणि आपली तंबाखू मळत बसली. तुम्ही गेलात तर वाटूरला आता चिक्कार हॉटेलं आहेत, रस्ताही गुळगुळीत. तेव्हा नुसती धूळ होती. गुळाचा चहा मात्र झकास होता, आणि उन्हं उतरल्यावर आम्हाला बस मिळाली.

मंठ्याला पेटी स्टँडवर सुखरूप होती. सुखरूप नव्हतं ते घरी. मागच्या अंगणात एक भगत बसलेला, पुढ्यात ताटभर लिंबं, शेजारी माझी सख्खी आत्या, गयाबाई. लग्नघरात आलेल्या सुजाताचं गुपचूप उतरवून टाकायचं, असा बेत. निरोप धाडला तेव्हा पोरगी नको होती. येतेय म्हटल्यावर बेत बदलला.

मी म्हटलं, "आत्या, छप्पन साली घरातले देव नदीत सोडले, तेव्हा टोपली कुणाच्या डोक्यावर होती?"

"माझ्याच. अजून बी सांगते छाती ठोकून," आत्या म्हणाली. "पण कुसुम, ही लेकराची जान हाय. एकदा केल्यानं काय बिघडतं? कुणाला सांगायचं न्हाई."

आत्याचे डोळे भरले होते. तिचं पोरीवर प्रेम होतं, हेच तर अवघड होतं. परक्याला हाकलणं सोपं असतं. सुजाता माझा हात इतका घट्ट धरून उभी होती की बांगडी रुतत होती. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. मी म्हटलं, "बिघडतं. तिला वाटेल तिच्यात काहीतरी घाण शिरली आहे. तिच्यात काही शिरलेलं नाही. ती घाबरते, आणि घाबरत घाबरत इथवर आली आहे. तिला कुणीही हात लावायचा नाही."

मग मी ताट उचललं, सगळी लिंबं पिळली, साखर घातली आणि घागरभर सरबत केलं. पहिला पेला भगताला दिला. "उन्हाचे आलात, जेवूनच जा," म्हटलं. तो जेवला आणि गेला. आत्याने सरबत घेतलं नाही, दोन दिवस बोललीही नाही.

लग्नात सगळे मिळून त्रिशरण म्हणायला लागले तेव्हा सुजाता मांडवाबाहेर तिच्या वडिलांजवळ उभी होती. पांढरा फ्रॉक घालून, ओठ मिटून. "पोरीला आत बोलवा," असं कुणीतरी म्हणालं. मी बोलावलं नाही.

परतीला थेट अंबडची बस मिळाली. नवऱ्याला पुढे जागा मिळाली, सुजाता माझ्याजवळ. जागरणाने माझा डोळा लागला. टण्ण करून घंटी वाजली आणि बस भर शेतात थांबली.

"कोणी वाजवली रे?" कंडक्टर मागून ओरडत आला.

सुजाता सीटवर उभी होती. हातात दोरी, चेहरा चुन्यासारखा. "मी," ती म्हणाली. परक्या माणसाशी बोललेला तिचा तो पहिला शब्द. "मला श्वास घ्यायचाय."

सगळी बस वळून बघू लागली. "पोरीला दाबात ठेवा, बाई," एक टोपीवाला म्हणाला. "ठेवणार नाही," मी म्हटलं आणि उतरायला पिशवी उचलली. सुजाताने माझा हात खाली दाबला. ती खिडकीतून डोकं बाहेर काढून श्वास घेत राहिली. कंडक्टर कंबरेवर हात ठेवून उभा, मी त्याच्या नजरेला नजर देऊन बसलेली.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "झालं का?"

तिने मान हलवली आणि कुणाला न विचारता दोरी दोनदा ओढली. बस निघाली. अंबडपर्यंत आम्ही कुठेही उतरलो नाही.

म्हणून ती बरी झाली असं समजू नका. अजून लोक मला विचारतात, तिचं ते गेलं का? नाही गेलं. शाळेत पुढेही तिचे हात गार पडले, नोकरीच्या मुलाखतीतही पडले. ती मात्र सगळीकडे गेली. आता तिचेच केस पिकलेत. मधूनच तिचा फोन येतो, "आई, आज ऑफिसात वाटूरला उतरले होते." आमच्या घरात त्याला हेच नाव पडलंय. मी कारण विचारत नाही. विचारते, "मग, पुढची बस?"

"धरली ना," ती म्हणते. "त्यातूनच बोलतेय."