आयचा कान आणि प्राचीचं लग्न

भर मे महिन्यात पनवेलला जाते म्हटल्यावर घरच्यांनी मला वेड्यात काढलं. तिथल्या उन्हापेक्षा तिथला घाम वाईट, असं जो तो सांगत होता. मी कुणाचं ऐकलं नाही. सुनंदा ही माझी कॉलेजच्या हॉस्टेलमधली मैत्रीण. तिची मुलगी प्राची, तिचं लग्न होतं. खरं सांगायचं तर लग्नाइतकीच मला सुनंदाच्या सासूबाईंना ऐकायची ओढ होती. त्या धवलारीण आहेत (आगरी लग्नातले विधी गाण्यातून लावणारी जाणती बाई, ती गाते तो धवला). सुनंदा लग्न करून या घरात आली तेव्हापासून मी त्यांच्या आवाजाचं कौतुक ऐकत होते, प्रत्यक्ष आवाज कधी ऐकला नव्हता.

नगरची एसटी पनवेलच्या स्टँडवर पोचली तेव्हा दुपार तापली होती. उतरल्या उतरल्या चष्म्यावर वाफ धरली. सुनंदा रिक्षा थांबवून उभीच होती. तिच्या गावी, विचुंब्याला जाताना दोन्ही बाजूंना उंच उंच इमारती, त्यांच्या गेटवर इंग्रजी नावं, आणि मध्येच एका वळणावर एकदम गाव सुरू झालं. कौलारू घर, त्याला चिकटून तीनमजली घर, दारात सुकत घातलेलं सुकट आणि त्याशेजारी नवी कोरी गाडी. सुनंदाच्या दारात मांडवाचे बांबू येऊन पडले होते.

ओटीवर म्हातारी बसली होती. ठसठशीत कुंकू, नाकात मोठी नथ, आणि उजव्या कानात कापसाचा एवढा मोठा बोळा. मान एका बाजूला कललेली.

"ही गो कोन? तुजी नगरवाली ना?" तिनं सुनंदाला विचारलं. मी पाया पडले.

"आय, कानाला काय झालं?" मी म्हणाले. सगळं घर सुनंदाच्या सासूबाईंना आय म्हणतं, मीही तेच धरलं.

"ठनकतं बाय. रातभर डोला नाय लागला."

सुनंदानं मग सगळी कथा सांगितली. आय मुळात केसातल्या आकड्यानं कान कोरणाऱ्या. परवा लग्नाची अक्षत द्यायला माहेरी, आपट्याला गेल्या, तिथं उन्हानं हैराण होऊन पाताळगंगेत मनसोक्त डुंबल्या. घरी आल्यावर कानाला खाज सुटली, पुन्हा आकडा घातला. मग लसूण तळलेलं तेल कानात ओतून घेतलं. आता कानाच्या पाळीला बोट लागलं तरी डोळ्यांतून पाणी काढत होत्या.

"आणि गाताना हिला हा कान लागतो," सुनंदा हळूच म्हणाली. "उजव्या कानावर हात ठेवते, मगच सूर धरते. प्राचीच्या लग्नात हिला गायचंय. गावातल्या किती पोरी हिनं गाऊन सासरी पाठवल्या, प्राची तर घरातली एकुलती एक नात."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी पनवेलला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. जुन्या बाजारात, भांड्यांच्या दुकानावर दवाखाना. खालून पितळेवर नाव कोरायचा ठणठणाट, वर बाकावर आय डोळे मिटून बसलेल्या. नंबर आला. बाईंनी दुर्बीण लावून आत पाहिलं, तेल आणि घाण हलक्या हातानं काढली.

"बाहेरच्या कानाच्या नळीला सूज आहे, आजी. पडदा शाबूत आहे, म्हणून हे थेंब देते. पडद्याला भोक असतं तर हे चाललं नसतं. लहानपणी कधी कान फुटला होता? वाहायचा?"

"नाय नाय."

"कुठल्या औषधानं कधी अंगावर पुरळ?"

"मना कंदी औशदच नाय लागला," आय जरा फुशारकीनंच म्हणाल्या.

मग बाईंनी सुनंदाला आणि मला समोर बसवून शाळेतल्यासारखं समजावलं. आधी हात धुवायचे. बाटली थोडा वेळ मुठीत धरून कोमट करायची, गार थेंब कानात गेले तर भोवळ येते. आजींना कुशीवर निजवायचं, दुखरा कान वर. कान किंचित मागे आणि वर ओढून सांगितले तेवढेच थेंब सोडायचे, बाटलीचं टोक कानाला लागू द्यायचं नाही. नंतर कानापुढचा तो छोटा उंचवटा बोटानं हळूहळू दाबायचा, म्हणजे औषध आत उतरतं, आणि पाचेक मिनिटं तसंच पडून राहायचं. अंघोळीला कानात पाणी जाऊ द्यायचं नाही. आकडा, तेल, काडी सगळं बंद.

"आणि दुखायचं थांबलं म्हणून औषध थांबवू नका. सांगितलेले दिवस पूर्ण करा. जास्त दुखलं, पुरळ आलं, ऐकू कमी आलं तर लगेच या. बाटली एकाची. दुसऱ्याच्या कानात नाही."

आयनी एवढ्या सगळ्यात एकच विचारलं, "लग्नात गाता येल ना गो?"

"येईल की. अजून आठवडा आहे. मी सांगितलं तसं केलंत तर मांडव दणाणून सोडाल."

आय पहिल्यांदाच हसल्या. खाली उतरल्यावर त्यांनी आम्हाला ताडगोळे खाऊ घातले आणि स्वतः दुखरी बाजू सोडून डाव्या दाढेनं खाल्ले.

घरी थेंब टाकण्याचा सोहळाच झाला. पहिले काही दिवस सुनंदा स्वतः सगळं करायची. आय कुशीवर निजायच्या, प्राची त्यांच्या पायाशी बसून मेंदीचे नमुने मोबाइलवर दाखवायची, आणि आय एका डोळ्यानं बघत "ह्यो नको, ह्यात मोर नाय" असं सांगायच्या. तिसऱ्या दिवशी ठणका गेला. आय तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण चवीनं जेवल्या. संध्याकाळी त्यांनी कानावर हात ठेवला आणि नुसता सूर लावून बघितला, शब्द नाहीत. जाडसर, थोडा नाकातला, पण कुठे हलायचा नाही असा सूर. मी हातातली पालेभाजी निवडायची थांबले.

त्याच आनंदात आम्ही आयच्या धाकट्या बहिणीला आणायला आपट्याला गेलो. मला ते गाव फार आवडलं. नदी उन्हाळ्यातही वाहती, काठाला गर्द झाडी, घाटावर एक कातकरी बाई पानांच्या द्रोणात करवंदं विकत बसलेली. आय पाण्याकडे बघत बसल्या, पण पाऊल टाकलं नाही. "कानाला जपतंय मी, बघ," असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. बहीण, म्हणजे मावशी, गाठोडं घेऊन गाडीत बसली आणि विचुंब्यापर्यंत तिचं तोंड बंद झालं नाही. मी मनात म्हटलं, आता घर भरलं.

घर खरंच भरलं. लगीनघरात एक रीत असते, कुठल्याही घरी बघा. कपाळाला लावायचा बाम, पोटाचं चूर्ण, पायाचं तेल, सगळं मधोमध ठेवलेलं असतं आणि येणारा-जाणारा हक्कानं वापरतो. कुणी आपलं म्हणून लपवून ठेवलं तर नावं ठेवतात. आयच्या कानाची बाटली टीव्हीपाशी कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवलेली होती. आयनी आल्यागेल्याला तिचं इतकं कौतुक सांगितलं होतं की मावशीनं पहिल्याच दिवशी डोकं पुढे केलं.

"मनाबी घाल दोन थेंब. माज्या कानान् पन खाजतंय."

आयनी आपल्या हातानं घातले. मग उरणहून आलेल्या चुलत सुनेनं घेतले, तिच्या मुलाला घातले, मग मांडववाल्या गणपतनंही. बाटलीचं टोक ज्याच्या त्याच्या कानात थेट जात होतं. मी म्हणाले, "आय, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? बाटली एकाची."

"अगं, औशद हाय, इख नाय," मावशी म्हणाली. "पावन्यांना नाय कसं म्हनायचं?"

सगळ्या हसल्या. मीही पाहुणीच. एकदा बोलले, पुन्हा बोलायला जीभ रेटली नाही. सुनंदाला सांगायला गेले तर ती केटररशी भांडत होती. हळदीच्या आदल्या दिवशी बाटली रिकामी झाली आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही, कारण आयचा कान दुखत नव्हता. खुद्द आयच म्हणाल्या, "आता काय करायचं हाय त्याचं!"

हळदीला गाव लोटला. मटणाचा वास, स्पीकरच्या भिंती, पिवळ्या साड्या. नवरीला हळद लागली की बायका एकमेकींना लावतात, मग पाणी ओततात, त्यात लहानमोठं कुणी सुटत नाही. आयच्या डोक्यावर कुणीतरी हळदीच्या पाण्याची अख्खी कळशी पालथी केली. त्या पोरीसारख्या खिदळल्या. मला वाटलं, असं सुखी माणूस आपण बऱ्याच दिवसांत पाहिलेलं नाही.

पहाटे मला जाग आली ती त्यांच्या कण्हण्यानं. कान सुजून बंद झाला होता, त्यातून पातळ पाणी येत होतं. रविवार, दवाखाना बंद. डॉक्टरीणबाईंचा फोन लागेना. मी आणि सुनंदा कुठे दुसरा डॉक्टर मिळतो का म्हणून चौकशी करत बाहेर होतो, तेवढ्यात मावशीनं गणपतला मेडिकलमध्ये पिटाळलं. तो नुसते "कानाचे थेंब" म्हणून मागून आला. आम्ही रिकाम्या हातानं परतेपर्यंत मावशीनं ते मायेनं बहिणीच्या कानात घातलेही होते. बाटली उन्हानं खराब होऊ नये म्हणून आधी फ्रिजमध्ये ठेवली होती, तशीच गार काढून घातली. मी उचलून वाचली. ते मळ मऊ करायचे थेंब होते, जंतूंवरचं औषध नव्हतंच.

आय मांडवाच्या खांबाला दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. "फिरतंय गो सगला," म्हणाल्या. मावशी शेजारी रडत होती. तिला कोण काय बोलणार? तिनं बहिणीच्या भल्यासाठीच केलं होतं सगळं, आणि तसंच करत तिचं आयुष्य गेलं होतं.

मुहूर्ताच्या आधी धवल्याची वेळ आली. भोवळ ओसरली होती. प्राची पाटावर बसली, कपाळावर बाशिंग, मान खाली. भटजी बाजूला थांबले, आता भटजीही येतात, पण या घरात आधी धवला. आय नातीसमोर बसल्या. सवयीनं उजव्या कानाकडे हात गेला, कळ आली असावी, हात खाली घेतला. मग डाव्यावर ठेवला.

सुरुवात बरी झाली. दुसऱ्या ओळीला सूर उतरला, आयना कळलं नाही. त्या तशाच पुढे गेल्या, आवाज मोठा करत, जसं बहिऱ्या माणसाशी आपण मोठ्यानं बोलतो. साथीच्या बायका एका सुरात, आय भलत्याच. बायका बावरून गप्प झाल्या, तेव्हा कुठे आयच्या ध्यानात आलं. त्या थांबल्या.

"पराची, बराबर जातंय का गो?"

"हो आय, एकदम मस्त," प्राची म्हणाली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, मेकअपवाली मागून टिश्यू घेऊन धावली.

आयनी नातीच्या तोंडाकडे क्षणभर पाहिलं. मग पदर सावरला. "भटजी, करा तुमी तुमचा," म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. मावशीला धवल्याचे शब्द येत नव्हते. साथीच्या बायकाही आयमागून ओळ धरणाऱ्या, त्यांनाही एकट्यानं येत नव्हते. स्पीकरवरून मंगलाष्टकं सुरू झाली.

त्या दिवशी आय जेवल्या नाहीत. प्राची निघाली तेव्हा त्यांनी तिच्या तोंडावरून हात फिरवला.

सोमवारी आम्ही पुन्हा त्या भांड्यांच्या दुकानावरच्या दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंनी कान साफ केला, नळी इतकी सुजली होती की औषध आत जावं म्हणून बारीक वात घालावी लागली. सुनंदानं सगळं खरं खरं सांगितलं. बाई रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी नुसता चष्मा काढून ठेवला.

"त्या बाकीच्यांपैकी कुणाचा कान वाहत असेल तर त्यांनाही पाठवून द्या," म्हणाल्या. "बरा होईल, आजी. पूर्ण बरा होईल."

आयनी या वेळी काहीच विचारलं नाही.

संध्याकाळच्या गाडीनं मी नगरला निघाले. सुनंदानं डब्यात वडे दिले होते, घाट चढेपर्यंत मी तो उघडला नाही. सबंध वाटेत एकच गोष्ट सलत होती. औषध बरोबर होतं, डॉक्टर चांगली होती, घरातलं प्रत्येक माणूस आयवर जीव टाकणारं होतं, आणि तरी एवढं साधं आम्हाला सांभाळता आलं नाही. मी त्या मावशीपुढे आणखी एकदा बोलले असते तर फार तर त्या सगळ्या मला शिष्ट म्हणाल्या असत्या. म्हणू दिलं असतं.

जून लागल्यावर मी फोन केला. आयनीच उचलला.

"कान कसा आहे, आय?"

"बेस हाय बाय. औशद सगला पुरा केला, सुनंदानी बाटली कुलपात ठेवलीवती. आता मना भिंतीवरचा घड्याल पन ऐकू येतंय."

आवाज खणखणीत होता. मला राहवलं नाही. "मग एक धवला म्हणा ना. प्राचीचा राहिलेला. मी ऐकते."

पलीकडच्या घड्याळाची टिकटिक मलाही ऐकू येत होती.

"मांडव सोडला गो, पोर सासरी गेली," आय म्हणाल्या. "आता कोनासाटी गाऊ?"