उशीतली हवा

टायरवाल्याला बाजारात सगळे अंगठेबहाद्दर म्हणत. तसा तो चांगला शिकलेला होता. पण सायकल असो की स्कूटर, मीटर लावायच्या आधी तो टायरवर अंगठा दाबून बघायचा आणि त्याचा अंदाज सहसा चुकायचा नाही, म्हणून ते नाव चिकटलं ते चिकटलंच. थंडीत सकाळी सकाळी माणसं कुरकुरत यायची, की रात्रीतून हवा गेली, ट्यूब बदला. तो ट्यूब बदलायचा नाही. हवा कुठेही गेलेली नाही, गारठून बसलीय, एवढं सांगून पंपाचे एकदोन हात मारायचा आणि वर बजावायचा, "दुपारी ऊन चढल्यावर पुन्हा भरायला जाऊ नका."

हे असं का होतं, ते मात्र त्याला लेकीनं शिकवलं. ती कॉलेजात पहिल्या वर्षाला रसायनशास्त्र शिकत होती. एकदा जेवताना उठून तिनं डब्यात मूठभर वाटाणे टाकले, झाकण लावलं आणि डबा हळूच हलवला. मग जोरात. हे वाटाणे म्हणजे हवेचे कण, ती म्हणाली. तापले की उधळतात, भिंतींवर जोरात आदळतात, तोच दाब. गार झाले की सुस्तावतात. डबा कडक म्हणून नुसता दाब वाढतो, फुगा असता तर जागाही वाढली असती.

"म्हणजे इतकी वर्षं मी लोकांच्या टायरात वाटाणे भरतोय," तो म्हणाला. ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

पुढे कॉलेजची सहल ठरली. प्रवासासाठी तिनं गळ्याभोवती घालायची हवेची उशी आणली, गाल फुगवून स्वतःच फुंकली आणि ती घालून घरभर मिरवली. त्याच संध्याकाळी तिला ताप भरला. दवाखान्यात नेलं ते परत आणता आलं नाही. उशी तिच्या पलंगावर राहिली, तिनं फुंकलेली, तशीच.

थंडी पडली तेव्हा एका सकाळी बायको धावतपळत दुकानात आली. कधी न येणारी बाई, पायात दोन वेगळ्या चपला.

"उशी सैल पडलीय," ती म्हणाली. "तिचा श्वास निघून चाललाय हो."

त्यानं दुकान तसंच टाकलं. घरी येऊन उशीच्या शिवणीवरून साबणाचं पाणी फिरवलं. एकही बुडबुडा आला नाही. मग त्यानं बायकोला वाटाण्यांची गोष्ट सांगितली, अगदी लेकीच्या शब्दांत. दुपारी खिडकीतून ऊन पलंगावर आलं आणि उशी हळूहळू भरून आली. तेव्हापासून बायको सकाळी एकदा, दुपारी एकदा उशीवर तळवा ठेवायची. आजारी पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

आणि एका सकाळी तो पांघरूण काढायला त्या खोलीत गेला. उशी वाटेत होती. उचलताना अंगठा आपोआप दाबला गेला. सैल. पुढचं हातांनीच केलं. बूच काढलं, नळी चिमटीत दाबली, ओठ लावायला वाकला. हलकीशी फुस्स त्याच्या ओठांवर आली. त्यानं दोन फुंका मारल्या, उशी चांगली घट्ट केली, बूच लावलं. दुपारी पुन्हा भरायला जाऊ नका, असं सांगायला तोंड उघडलं आणि मग कळलं.

बायको स्वयंपाकघरात होती. तो न सांगताच दुकानात गेला.

दुपारी जेवायला आला तर ती पलंगाच्या काठावर बसलेली. तळवा उशीवर.

"आज जास्त फुगलीय."

"ऊन कडक आहे," तो म्हणाला.

"ऊन कालच्यासारखंच आहे." ती त्याच्याकडे बघत राहिली. "वाटाणे वाढलेत यात."

त्यानं शिकवलेलं तिनं नीट ध्यानात ठेवलं होतं. त्यानं मान खाली घालून सगळं सांगितलं.

"तिचा किती गेला?"

"थोडा."

"थोडा म्हणजे किती?"

उभ्या बाजारातल्या टायरांचा हिशेब ज्याच्या अंगठ्यात होता, त्याला एवढं सांगता येईना. बाहेर आलेली हवा केव्हाच खोलीत मिसळून गेली होती, आणि आत त्याची तिच्यात मिसळली होती. ती निवडून वेगळी करायला जगात कुठलंही हत्यार नव्हतं.

बायकोनं तळवा उचलून मांडीवर ठेवला. म्हणाली, "तुम्ही जेवून घ्या."

त्यानंतर तिनं उशीला हात लावला नाही. उशी आपली रोज सकाळी सैल पडते, दुपारी भरून येते. तो दारातूनच बघतो. दुकानात आता तो आधी मीटर लावतो. गिऱ्हाईकं चेष्टा करतात, अंगठेबहाद्दर म्हातारा झाला म्हणतात. तो हसून घेतो आणि अंगठा मुठीत दाबून धरतो.