बोलणाऱ्याचे लूम

"अहो काका, त्या कापडावर ती रेघ कसली?"

टूरमधल्या एका बाईंनी माझ्या कानाशी ओरडून विचारलं. लूमखात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात, ओरडल्याशिवाय ऐकूच येत नाही. मी वळून पाहिलं. बोलत उभ्या असलेल्या सुभाष कारीगराच्या पाठीमागच्या लूमवर उभा धागा तुटला होता आणि मशीन तशीच विणत सुटली होती. वीतभर कापड खराब झालं होतं.

मी लिंबायतमध्ये पंचवीस वर्षं लूम चालवले. कान अधू झाले, काम सुटलं. आता एका टूर कंपनीत गाइड आहे. कामगारवस्तीचा वॉक करतो: गल्ल्या, चहाची टपरी, शेवटी लूमखाता. सुभाष माझ्याच गावाकडचा, धुळ्याचा. एकटा आठ लूम सांभाळतो. त्या दिवशी मीच त्याला म्हणालो, "सांग रे पाहुण्यांना, काम कसं चालतं ते."

गडी असा खुलला! इतक्या वर्षांत त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. "मना बाप बी याच मशीनवर व्हता," म्हणाला आणि लूमकडे पाठ करून बोलत राहिला.

आता आमचा एक रिवाज सांगतो. कारीगर बोलत असला की त्याचे लूम समोरचा बघतो. हे कुणी शिकवत नाही, सवयच लागते. समोर मी होतो. आणि मी काय बघत होतो? पाहुण्यांची तोंडं! टूर कशी रंगलीय म्हणून! माझी अक्कल पेंड खायला गेली होती, दुसरं काय.

लूम बंद केला तोवर खात्याचे मालक, सेठ आले. त्यांनी कापडावरून बोट फिरवलं. कोऱ्या कापडात अशी रेघ बारीक वाटते, पलसाण्याच्या रंगाई कारखान्यातून रंगून आलं की लांबूनही दिसते.

"कालथी आवतो नहीं," सेठ सुभाषला गुजरातीत म्हणाले. म्हणजे उद्यापासून येऊ नकोस.

सुभाषच्या घरात कमावणारा तो एकटा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सेठ, चूक त्याची नाही, माझी आहे."

"तमे तो गाइड छो!"

"गाइड आता झालो. आधी कारीगर होतो. कापड नीट करून देतो, मग बोला."

तेवढ्यात टूर कंपनीच्या ऑफिसातून मॅडमचा फोन. बाहेर जाऊन घेतला. "काका, ग्रुपच्या जेवणाचं बुकिंग आहे, निघा."

"पाहुण्यांना न्यायला रिक्षा पाठवा मॅडम. मी निघत नाही."

पाहुणेही निघाले नाहीत. मी चष्मा पुसला आणि बसलो. आडवा धागा ओळीओळीनं उकलायचा, रेघ सुरू झाली तिथवर मागं यायचं, मग तुटलेल्या धाग्याला गाठ मारून तो फणीतून ओवायचा. सुभाष बाकीचे सात लूम चालवत होता आणि मधूनच माझ्याकडे बघत होता. सव्वा तास गेला.

लूम पुन्हा सुरू झाला. सेठनी कापड उजेडात धरून दोनदा पाहिलं.

"ए भले रहे," ते म्हणाले. म्हणजे सुभाष राहू दे. "पण तमारी टूर अंदर नहीं."

तेव्हापासून वॉक टपरीवरच संपतो. सुट्टीच्या वेळी सुभाष येतो, चहा घेतो, पाहुण्यांशी बोलतो. छान बोलतो. पण बोलता बोलता अजूनही मान वळवून मागे बघतो.

माणसाला बोलतं करायचं तर आधी त्याचे लूम कोण बघतंय ते बघावं. हे मला पंचवीस वर्षं ठाऊक होतं. गाइड झालो आणि विसरलो.