महिपतीची मंगळवारची सुट्टी

निडी गावच्या महिपतीला कुणी आळशी म्हणालं असतं तर सारा गाव हसला असता. तीन वर्षांपूर्वी त्याच्या बायकोला, रंभाला, लकव्याचा झटका आला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली, आणि तेव्हापासून तिची आंघोळ, तिचं जेवण, तिचा अंबाडा, सगळं हाच बघतो. अंबाडा सुरुवातीला असा घालायचा की रंभा आरसा बघून कपाळाला हात लावायची. आता मात्र गावच्या सुनांनी शिकावा असा घालतो.

दिवाळीनंतर महिपती अंगणात चक्कर येऊन पडला. नागोठण्याच्या डॉक्टरांनी खडसावलं, "तुम्ही आडवे झालात तर तिला उचलणार कोण? आठवड्यातून एक दुपार तरी नुसते पडून राहा."

हे शेजारच्या अनिताला कळलं मात्र, तिने जाहीरच करून टाकलं. दर मंगळवारी दुपारी ती रंभावहिनीजवळ बसणार, आणि दादाने जाऊन झोपायचं.

इथेच तर घोडं पेंड खातं. आमच्याकडे भाताच्या लावणीला सावड असते, आज तू माझ्या शेतात, उद्या मी तुझ्या. कुणाचे हात घेतले आणि फेडले नाहीत, असं महिपतीने जन्मात केलेलं नाही. मग हा शहाणा काय करतो? अनिता पुढच्या दाराने आत आली की हा मागच्या दाराने थेट तिच्याच शेतावर. एका मंगळवारी तिच्या वालाचं काटेरी कुंपण नीट केलं, दुसऱ्या मंगळवारी तिची लाकडं फोडली. झोपायला गेलेला माणूस जाताना होता त्याहून दमून परत यायचा. धन्य आहे बाबाची!

एका सकाळी अंबाडा घालताना रंभाने त्याचा हात धरला. तळवा काट्यांनी ओरबाडलेला. रंभा घाबरली. हा पुन्हा पडला तर?

त्या मंगळवारी अनिता आल्या आल्या रंभाने महिपतीचा तळवा तिच्यापुढे धरला. आपलं कुंपण आपोआप कसं नीट झालं, याचा अनिताच्या डोक्यात लगेच प्रकाश पडला.

"दादा, मी तुला निजायला धाडते न् तू माझं कुंपण घालतोस? तुला काय झालं तर वहिनीला काय तोंड दाखवू?"

"फुकटचे हात नाय घ्यायचे आपण," महिपती म्हणाला. "तू येतेस त्याची फेड नको?"

रंभाने डाव्या हाताने खाटेवर थाप मारली. पुढचं बोलायला तिला बराच वेळ लागला, पण दोघं थांबले.

"ती माझ्याकडं येते. सासूचं सांगते... घरचं सांगते. मी ऐकते. कुणाला नाय सांगत. फेड... मी करते."

महिपतीने अनिताकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. "व्हय दादा. दुसरीकडं कुठं बोलू मी?"

"आनि तुमी असलात का," रंभा म्हणाली, "आमाला बोलता येत नाय. जावा. निजा."

महिपतीला जरा लागलं, खोटं कशाला सांगू? या घरात देणारे आपण एकटेच, असं तो तीन वर्षं धरून चालला होता. पण बाईसाहेबांचा हुकूम! टॉवेल उचलून तो देवळाच्या ओट्यावर गेला आणि आडवा झाला तो झालाच. ऊन उतरलं तरी उठेना. अनिता त्याला हाक मारायला निघाली, तेव्हा रंभाने तिचा पदर धरला.

"निजू दे गो. तू बस. दर मंगळवारी तुझं ऐकते. आज... माझं ऐक."